पेशीच्या डायरीतली खूण

आधी मॅडमचं सांगते, मग माझं. मॅडम वैशाली नगरात राहतात आणि दुर्गच्या कोर्टात वकिली करतात. लग्न होऊन मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भिलाईला आले, तेव्हा माझी शाळा आठवीतच सुटलेली होती. नवरा पोलाद प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला, हुडको वस्तीत एक खोली, ओळखीचं कोणी नाही. चार ठिकाणी काम मागितलं. चारही ठिकाणी आधी विचारलं, कितवी शिकली? मॅडमनी फक्त अक्षर पाहिलं. एक पान लिहून दाखवलं, तर म्हणाल्या, "उद्यापासून ये." पुढचं वाचून कोणालाही वाटेल की मॅडमनी अशी बाई कामावर ठेवलीच कशाला. म्हणून हे आधी लिहिलं.

माझं काम पेशीची डायरी सांभाळायचं. कोणत्या तारखेला कोणाची केस, कोणत्या कोर्टात, ते लिहायचं. आदल्या दिवशी सगळ्या पक्षकारांना फोन करायचा, कारण फोन आला तरच ते कोर्टात येत, आणि फोन झाला की नावापुढे बरोबरची खूण करायची. मॅडम त्या खुणेवर डोळे मिटून भरवसा ठेवायच्या. शिवाय पेपरातले कोर्टाचे निकाल कापून मी एका फाईलमध्ये चिकटवायचे. कोणत्या वकिलाची सनद गेली, कोणाला नुसती ताकीद मिळाली, असंही त्यात असायचं. मॅडम चहा घेता घेता वाचून दाखवायच्या. मी हो हो म्हणायचे. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटायची.

एकदा वकिलांचं काम बंद होतं, म्हणजे संप. अशा वेळी आम्ही सगळ्यांना 'येऊ नका, पुढची तारीख मिळेल' असंच कळवायचो. पण त्या दिवशी मॅडम निघता निघता म्हणाल्या, "चरोद्याच्या बाईले मात्र यायले सांग. तिच्या कोर्टातले जजसाहेब संप मानत नाहीत. संपाच्या विरोधातला वरच्या कोर्टाचा निकाल वाचून दाखवून राहिले होते मागच्या हप्त्यात. मी आत गेली तर संघटनेतले बारवाले मले नोटीस देतील. तिनं सोताच उभं राहून तारीख मागावी."

ही चरोद्याची बाई म्हणजे रेल्वेतल्या माणसाची विधवा, गोंदियाकडची. अंगणावरून तिचं दिराशी भांडण होतं. दिरानं तिथं काही बांधू नये म्हणून मॅडमनी कोर्टातून स्टे आणलेला होता. बाई तोंडानं तिखट. त्याच्या आदल्याच आठवड्यात तिनं फोनवर मला विचारलं होतं, "तुले काय समजते वो? कितवी शिकली तू? मॅडमले दे फोन." मी फोन मॅडमच्या हातात दिला होता.

यादीत अकरा नावं होती. दहा जणांना मी फोन केले. अकरावा केला नाही. पुन्हा तेच ऐकायचं? काम बंद म्हणजे काम बंद, काय होते, असं मनाशी म्हटलं आणि अकराही नावांपुढे खुणा करून डायरी मिटली.

दुसऱ्या दिवशी शिपायानं तिच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कोणीच नव्हतं. केस खारिज झाली, स्टे गेला. आठवड्याच्या आत दिरानं अंगणात भिंत उभी केली. पाण्याचा नळ त्याच्या बाजूला गेला.

बाई ऑफिसात येऊन आपले कागद घेऊन गेली. मॅडमनी मला विचारलं, "तू तिले फोन केलता ना?"

"केला ना मॅडम."

चरोद्याच्या बाईनं बिलासपूरला वकिलांच्या शिस्त समितीकडे तक्रार दिली. मॅडमनी उत्तरात लिहिलं की पक्षकाराला आदल्या दिवशी ऑफिसातून फोन केला होता. पुरावा म्हणून डायरीचं ते पान जोडलं. त्याची झेरॉक्स मीच काढून आणली.

सुनावणीला मॅडम आणि मी दुर्गहून लोकलनं निघालो. चरोद्याला तीच बाई आपल्या मुलासोबत आमच्याच डब्यात चढली.

"वा, वकीलीणबाई," ती म्हणाली. "आज संप नाही वाटते तुमचा."

"बसा ना इकडे, जागा आहे," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्या भरवशावर बसूनच तर राहिली होती मी घरी."

तरी बसली, अगदी समोर. मुलगा मांडीवरचा कागद पुन्हा पुन्हा घडी घालत होता. थोड्या वेळानं ती माझ्याकडे वळली. "तू सांग वो. खरंच फोन केलता का मले?"

बाहेर यार्डातल्या मालगाड्या सरकत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. माझ्या वतीनं मॅडम बोलल्या, "केला होता. डायरीत आहे." त्यांचा आवाज अगदी ठाम होता. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. बिलासपूर यायला बराच वेळ होता.

समितीत तीन म्हातारे वकील होते. मुलानं तो घडीचा कागद पुढे केला. आईच्या फोनवर पेशीच्या आदल्या दिवशी आलेल्या सगळ्या कॉलची ती यादी होती. आमचा नंबर त्यात नव्हता. मधल्या साहेबांनी डायरीचं पान उचललं. "ये निशान किसने लगाया?"

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहत होते. त्या परत समोर वळल्या आणि म्हणाल्या, "सर, मेरे जवाब की वो लाइन मैं वापस लेती हूँ। फोन नहीं हुआ। ऑफिस मेरा है, गलती मेरी है।"

माझ्याकडे त्यांनी बोटसुद्धा दाखवलं नाही. स्वतःहून कबूल केलं म्हणून सनद वाचली. लेखी ताकीद मात्र मिळाली, आणि ती कायमची त्यांच्या नावावर लागली.

परतताना स्टेशनवर त्यांनी दोन चहा घेतले. "कावून नाही केला फोन?"

"तिनं माझी शाळा काढली होती."

"एवढंच?"

"हो."

त्या चहावर फुंकर घालत राहिल्या. "मलेही ती म्हणे, बाईमाणूस काय केस लढते. मी थोडीच कोर्टात जायचं सोडलं?" मग माझ्या कपाकडे पाहून म्हणाल्या, "पी आता, थंडा होऊन राहिला." त्यांनी रागवावं म्हणून मी वाट पाहत होते. त्या रागावल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी डायरी पुन्हा माझ्याच टेबलावर होती.

यंदा त्यांनी नोटरीसाठी अर्ज केला. फॉर्म नेहमी मीच भरते. त्यात एक रकाना होता, आपल्यावर कधी शिस्तीची कारवाई झाली आहे का? मी पेन धरून थांबले. "लिही ना, हो म्हणून," त्या म्हणाल्या. मी लिहिलं. निवड झालेल्यांची यादी लागली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. त्या रकान्यामुळेच की दुसऱ्या कशामुळे, ते कोणी सांगितलं नाही. मला विचारायचीही हिंमत झाली नाही.

बाईची केस दुसऱ्या वकिलानं पुन्हा सुरू करून घेतली आहे. भिंत अजून तशीच आहे. पेशीला आली की कोर्टाच्या वऱ्हांड्यात ती लोकांना सांगते, "त्या खोटारड्या वकीलिणीकडे जाऊ नका." मी हातात फाईल घेऊन बाजूनं निघून जाते. परवाही तशीच गेले.

खोटारडी कोण, ते तिला माहीत नाही. मॅडम म्हणतात, सोड आता, झालं ते झालं. पण त्यांच्या नावाला लागलेलं ते खोटं माझं आहे. एक दिवस मी चरोद्याला उतरेन, त्या बाईच्या दारात उभी राहून सगळं सांगेन आणि सहीनिशी बिलासपूरच्या समितीलाही कळवीन. तिथं चार बाया ऐकत असल्या तरी सांगेन. मॅडमनी माझ्यासाठी केलं त्याची फेड दुसऱ्या कशानं होईल असं मला वाटत नाही. अजून हिंमत होत नाही, पण फेडीन.