अंगठ्याच्या मापाचा पिलर

माझ्या बायकोच्या मामांइतका मापावर विश्वास असलेला आणि माप इतकं चुकवणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात सापडायचा नाही. दातिवऱ्याच्या या मामांचं आयुष्य होडीवर आणि जाळी विणण्यात गेलं. जाळ्याचे डोळे बोटांनी मोजतात, ते ठीकच आहे. पण मामा उरलेलं जगही बोटांनीच मोजतात. खोकल्याचं औषध ते बाटलीवर बोट आडवं धरून पितात. आमच्या लग्नात माझी टोपी त्यांनी चार बोटं धरून आणली, आणि ती भुवयांवर घेऊन मी बोहल्यावर उभा राहिलो. टेप पुढे केला तर म्हणतात, "टेप सरकतो जावायबापू, बोट नाय सरकत."

मामांच्या सायकलच्या सीटखालचा दांडा, म्हणजे दुकानदार ज्याला सीट पिलर म्हणतात तो, गंजून मोडला आणि माझ्या रविवारांना ग्रहण लागलं. मोडका तुकडा मामांनी खाडीत फेकलेला. सायकलच घेऊन चला म्हटलं, तर उत्तर आलं, "सायकल कशाला? त्या नळीत माजा अंगठा गच्च बसतो, म्हाईत हाय मला." मामांना स्कूटरवर घेऊन पालघर झालं, बोईसर झालं. दुकानदार विचारायचा, "चाचा, साइज क्या है?" आणि मामा पिलरशेजारी अंगठा उभा करायचे. आणलेला प्रत्येक पिलर बारीक निघायचा. नट कितीही आवळा, घरापासून बंदरापर्यंत सीट खाली खाली जायची आणि मामांचे गुडघे हनुवटीला भिडायचे. मग पुढच्या रविवारी मी पुन्हा स्कूटर काढायचो. खरं सांगतो, मी वैतागलो होतो.

"बंदरावर चालत का नाही जात?" असं मी एकदा फटकन विचारलंच. मामा समुद्रावर जायचे थांबले तरी होडी किनाऱ्याला लागली की पहिल्या टोपलीला त्यांनी अंगठा टेकवायचा, मगच ती उचलायची, अशी घरची रीत. पण चालत पोचेपर्यंत परवा, आता होडी चालवणाऱ्या त्यांच्या मुलाने टोपली उचललीसुद्धा होती. "त्याची चूक नाय," मामा म्हणाले. "बर्फ वितळतो. पन एकदा न थांबायची सवय लागली का मंग कोन थांबंल?"

पुढच्या रविवारी मी मासळीच्या टेम्पोत सायकलच घातली आणि बोईसर गाठलं. दुकानदाराने नळी मापली, जाडसर पिलर ठोकून बसवायला घेतला. त्याआधी मामांनी हट्टाने नळीत अंगठा घातला. तो आत नुसता डुगडुगला. त्यांनी तो बाहेर काढून उलटसुलट पाहिला. "जाळी विणत होतो तवा भरलेला होता," एवढंच बोलले, आणि परतीच्या वाटेवर तो अंगठा दुसऱ्या मुठीत धरून बसले.

त्या संध्याकाळी भरतीला होडी आली. मामा नव्या उंच सीटवरून ऐटीत बंदरावर पोचले. मुलगा टोपलीजवळ थांबला होता. मामांनी अंगठा पुढे केला, जरा थबकले, आणि मग अख्खा पंजाच टोपलीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. बर्फ वितळत होता, पण टोपली उचलायला कोणी हात घातला नाही. मलाही घरी जायची घाई राहिली नव्हती.