सलाईनचं चाक

कोकिळा माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते. आमचं गाव जिंतूरकडचं, पण दिवाळी झाली की आक्का आणि तिचा नवरा आसाराम, म्हणजे माझे भाया, गंगाखेडकडे ऊसतोडीला जातात. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. दोघांतलं एक आजारी पडलं की कोयता बसला, मजुरी बंद. म्हणून आक्का आजारपणाला थाराच देत नसे.

तिला सगळ्याची घाई. चहा नीट उकळायच्या आत गाळणार, शेवटचा घास उभ्यानं खाणार. ताप आला तर उसाच्या फडाजवळच्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून घ्यायची, आणि डॉक्टर पडद्याआड गेला की नळीवरचं चाक अंगठ्यानं मोकळं सोडायचं. बाटली लवकर संपली की बाई परत फडात. टोळीतल्या साऱ्याच बायका तसं करतात.

"थेंब बघत कोण बसतंय? पाणीच तर हाय," असं म्हणायची.

या जानेवारीत तिचा खोकला छातीत उतरला. ताप हटेना, धाप लागली, ओठ काळेनिळे पडले. भायांनी तिला परभणीला दवाखान्यात आणलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजन लावलेला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, पण ओळख दिली नाही.

डॉक्टर मॅडमनी आम्हाला समजावलं. न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता. पोटात गोळी टिकत नव्हती, म्हणून इतर इंजेक्शनांच्या जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन शिरेतून द्यायचं ठरलं.

"हे औषध तासाभराच्या आत जाता कामा नये," त्या म्हणाल्या. "भराभर गेलं तर हात जळतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चाकाला कुणी हात लावू नका."

आक्का तेव्हा ग्लानीत होती. तिनं यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला हुशारी आली. सिस्टर बबिता त्याच औषधाची बाटली लावून गेली. भाया म्हणाले, "मुकादम इचारायलाय, कवा येता म्हणून."

"मग काय सांगितलं?" आक्कानं विचारलं.

"सांगितलं, राणीसायब पलंगावर पडल्यात. उठायचं नाव न्हाई."

आक्का हसली, खोकली. भाया चहा आणायला गेले, मी पाणी भरायला. परत येऊन बघते तर थेंबांची धार झालेली.

"आक्का, चाक कुणी फिरवलं?"

"म्याच. सकाळधरून गुरासारखं बांधून ठिवलंय." मग तिनं दुसरा हात छातीवर दाबला. "हात लय जळायलाय गं. छातीत काय तरी फडफडायलंय."

उशाकडचं ठोके दाखवणारं यंत्र वाजायला लागलं. मी "सिस्टर!" म्हणून ओरडले. बबितानं पळत येऊन नळी बंद केली. मॅडम आल्या, पडदा ओढला गेला, मला बाहेर काढलं.

भाया हातात चहाचे कप घेऊन दारातच उभे राहिले. "पाण्यानं कुणी मरतंय का?" ते मला परत परत विचारत होते. पोखर्णीच्या नृसिंहाला हात जोडले. नुसतं "देवा, देवा" एवढंच.

बऱ्याच वेळानं मॅडम बाहेर आल्या. ठोके जागेवर आले होते. "पण न्यूमोनिया अजून गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "उद्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढू. नीट आली तर हेच औषध परत द्यावं लागेल."

परत हेच! भायांनी थंड झालेला चहा कोपऱ्यात ओतून दिला.

पट्टी नीट आली. बबितानं बाटली टांगली, तेव्हा आक्कानं दुसऱ्या हातानं माझा पदर मुठीत धरला. आजवर मी तिला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"हळू सोडा, माय," ती बबिताला म्हणाली.

"हळूच सोडते. तुम्ही हात तेवढा चाकापासून लांब ठेवा," बबिता म्हणाली.

मी स्टूल ओढून चाकापाशी बसले. एक थेंब पडला की देवाचं एक नाव घ्यायचं, असं ठरवलं. भीतीनं माझ्या तोंडातलं देवाचं नाव थेंबाच्या पुढं पळायला लागलं, तशी मी तोंड मिटलं आणि पुढचा थेंब पडायची वाट बघत बसले.