मागच्या सीटचा अर्थ

सुरुवातीलाच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आयुष्यभर लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये काम केलं. ‘लिफ्टमध्ये काहीतरी आहे हो’ म्हणून घाबरून फोन करणारे सोसायटीवाले खूप पाहिले. दर वेळी तिथे एखादी सैल वायर निघायची, नाहीतर झुरळ. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचो ते हसायला. आज स्वतःच लिहितोय... हसायचं तर हसा.

मी भाईंदर पूर्वेला, खारी गावाजवळ राहतो. मूळचा रत्नागिरीकडचा. मुलगी लग्न होऊन पुण्याला. माझी बायको मंदा गेल्या वर्षी गेली. आता वर घरात मी आणि खाली पार्किंगमध्ये माझी जुनी मोटरसायकल, एवढाच संसार.

इंडिकेटर बंद करायला मी कायम विसरतो. वळण कधीच मागे पडलेलं असतं, तरी मीटरवरचा हिरवा दिवा आपला लुकलुकतोय. मग मंदा मागून खांद्यावर बोट टोचायची — “अहो, तुमचं टिकटिक चालूच आहे.” इतकी वर्षं ते काम तिच्याकडेच होतं.

ती गेल्यावर गाडी बरेच महिने कव्हरखाली पडून होती. बाहेर काढली तर मागचे सगळे दिवे बंद. इंडिकेटर टाकला की हिरवा दिवा नुसता पेटून राहायचा, लुकलुकायचा नाही. बल्ब बदलले, फ्यूज पाहिला, टेस्ट लॅम्प लावून पाहिला — करंट मागपर्यंत येत होता. म्हणजे परतीची वायर, जिला आम्ही ‘अर्थ’ म्हणतो, ती कुठेतरी तुटली होती. तेवढ्यात शेजारचे जयेशभाई बुटाची लेस बांधायला मागच्या सीटवर टेकले आणि सगळे दिवे लागले, हिरवा दिवाही लुकलुकायला लागला. ते उठले, दिवे गेले. पुन्हा बसवलं, पुन्हा लागले.

“काका, मेरे वजन से लाइट आती है क्या?”

“सीट दबती है तो टूटा हुआ वायर जुड़ता है. आदमी बैठा तो अर्थ मिलता है.”

“तो मेरे को पीछे बाँध के घूमो ना.”

सीटवर पाण्याचा भरलेला कॅन ठेवून पाहिला, हातांनी दाबून पाहिलं. काही उपयोग नाही. अख्खा माणूसच लागत होता. रविवारी सीट खोलून तुटलेली वायर सोल्डर करू म्हणून तसंच सोडलं.

त्याआधीच एका संध्याकाळी उत्तनला गेलो. तिथे एक फिलोमिनाबाय सुकी मासळी विकते. आम्ही नेहमी जोडीनेच जायचो. मला पाहून ती म्हणाली, “बाय न्हाय आली?”

सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, “आलीय ना. तिकडे गाडीपाशी थांबलीय.”

“मग हे तिला दे. बारीक बोंबील हाय, तिला तसंच लागतं,” असं म्हणून तिने वेगळा पुडा बांधून दिला.

पुडा पिशवीत टाकला, पिशवी हँडलला अडकवली आणि निघालो. पहिल्या वळणावर इंडिकेटर टाकला... आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागला. संथ, एका लयीत, पूर्वीसारखा.

मी मागे वळून पाहिलं नाही. खरं सांगतो, भूत असेल म्हणून नाही. पाहिलं तर ते जाईल, याची भीती वाटली. वळण संपलं तरी मुद्दाम इंडिकेटर चालूच ठेवला. म्हटलं, आता बोलेल. मागचे गाडीवाले हॉर्न मारत होते, मी तसाच चालवत राहिलो. कोणी काही बोललं नाही. भाईंदर पश्चिम गेलं, पूल गेला, दिवा चालूच.

केबिन रोडला एका भाजीवाल्यापाशी ती उतरायची आणि भाजी घेऊन चालत घरी यायची. सवयीने माझा पाय तिथे टेकला. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला आणि नुसता पेटून राहिला. पुढे घरापर्यंत तसाच.

खड्ड्यांनी वायर लागली असेल, म्हणाल. मीही म्हटलं. पण खड्ड्याने लागलेली वायर तुटक तुटक पेटते, उत्तनपासून केबिन रोडपर्यंत एका लयीत नाही. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी हँडलला अडकवून त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. काही नाही. घरी येऊन जयेशभाईंना बसवलं, दिवे लागले.

मग सोल्डर करवेना. एक रविवार गेला, आणखी एक गेला. दिवे बंद असल्याचं मुलीला बोलून गेलो होतो, ती फोनवर रोज विचारायची, “बाबा, मागचे दिवे केलेत का?” एकदा ब्रेक दाबला तर मागची रिक्षा अंगावरच यायची राहिली. ते तिला सांगितलं आणि ती रडायलाच लागली. “आई गेली, आता तुम्हीपण...”

त्याच दिवशी सीट खोलली. वायर सोल्डर केली. दहा मिनिटांचं काम.

वायरचा अर्थ लागला. त्या संध्याकाळचा अजून लागलेला नाही. आता दिवे कायमच लागतात, त्यामुळे मागे कोणी बसलंय की नाही, हे कळायचा मार्ग उरला नाही. तरी वळण झाल्यावर मी इंडिकेटर तसाच चालू ठेवतो. मग केबिन रोडला कोणीतरी रिक्षावाला ओरडतो, “काका, इंडिकेटर!” आणि मी तो बंद करतो.