मोहनरावांसाठी उचललेला भंडारा

मोहनरावांचं नाव निघालं की माझ्या तोंडाची चव जाते. पण सरुबाईची गोष्ट सांगायची तर त्यांना टाळून चालत नाही. तेव्हा आधीच सांगते, मी दोन्ही बाजू सारख्या तोलून वगैरे सांगणार नाही. तो तराजू माझ्याकडे नाही.

सरुबाई मूळची इंदापूरकडच्या कळसची. लग्न होऊन बारामतीला आली. सासरची जमीन कालव्याच्या पाण्याखालची, त्यात भाजीपाला. ती आणि तिची धाकटी जाऊ रंगूबाई, दोघी डोक्यावर पाट्या घेऊन पेठेत यायच्या आणि मारुतीच्या देवळाजवळ रस्त्याच्या कडेला बसायच्या. मी तेव्हा नवी सून. त्यांच्या शेजारीच सासूबरोबर बसून मेथीच्या जुड्या बांधायची. सरुबाईची जीभ म्हणजे लवंगी मिरची. कोणी वांगी दाबदाबून बघायला लागलं की म्हणायची, "पोरगी बघाय आलाय का वांगं घ्याय?" पण शब्दाला अशी पक्की, की भाजीवाल्या बायका आपली भांडणं तिच्यापुढे नेत आणि ती म्हणेल ते मुकाट ऐकत.

ही गोष्ट छत्तीस-सदतीस सालची. पेठेचा रस्ता आधीच अरुंद, त्यात दोन्ही कडांना आम्ही. मधून गुळाच्या बैलगाड्या, टांगे, सायकली, हंडे घेतलेल्या बायका, आणि या सगळ्यांतून भोंगा वाजवत घुसणाऱ्या इंदापूरच्या मोटारी. भोंगा वाजला की बैल बुजायचे आणि बैल बुजले की आम्ही पाट्या उचलून भिंतीला चिकटायचो. एका बाजाराच्या दिवशी बुजलेल्या बैलांना चुकवायला ड्रायव्हरनं मोटार कडेला घातली आणि चाक रंगूबाईच्या पायावरून गेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. रंगूबाई विधवा, पोटी मूल नाही. शेतात राबायचं तर संपलंच. आता देवळाजवळची ती बसायची जागा, तेवढाच तिचा संसार उरला.

त्या अपघातानं पेठ हादरली. रस्ता सुधारायला एक कमिटी नेमली गेली आणि तिच्यात मोहनराव होते. तेही मूळचे कळसचे, म्हणजे सरुबाईच्या माहेरचे. सख्खा भाऊ नव्हता तिला. दर भाऊबीजेला ती मोहनरावांना ओवाळायची आणि ते तिला "आक्का" म्हणायचे. माहेरच्या माणसापुढे शहाणी बाईसुद्धा कशी आंधळी होते, ते मी तिच्यात पाहिलं.

कमिटीनं रस्त्यावर चुन्याच्या रेघा मारून बेत दाखवला. मधला रस्ता गाड्यांना आणि मोटारींना. दोन्ही बाजूंना उंच दगडी पायवाट, तिच्यावर फक्त चालणारी माणसं. आणि पायवाटेच्या आत, भिंतीला लागून, भाजीवाल्यांना बसायला ओटे. बेत चांगला होता हो, खोटं कशाला बोलू? त्या रेघांमधून आम्ही बायका चालून बघितलं आणि हसलो. अडचण एकच होती. काम होईपर्यंत आम्ही सगळ्यांनी उठून कऱ्हेकाठच्या मैदानात बसायचं होतं.

आता आमच्या बाजाराचा रिवाज असा, की जागा बसणारणीची. रोज बसलीस तोवर तुझी. उठलीस की गेली. आजारपणात, बाळंतपणात बायका सासूला नाहीतर नणंदेला बसवत, पण जागा रिकामी ठेवत नसत. अशा बायकांना एकदम उठा म्हटल्यावर त्या कशाला उठतात! देवळापुढे सगळ्या जमल्या. मोहनराव ओट्यांच्या गोष्टी करू लागले, तेव्हा म्हाताऱ्या द्वारकाबाईंनी त्यांना मध्येच तोडलं.

"असं आसंल तर भंडारा उचला, मोहनराव."

बेलाचं पान आणि खंडोबाची हळद हातावर घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. मोडला तर उचलणाऱ्याच्या घरादारावर येतो. मोहनराव हसले. "द्वारकाबाई, कमिटीत हाय मी. असल्या गोष्टी मला शोभत्यात व्हय?"

कोणीच हसलं नाही. सगळ्यांनी पाट्या जवळ ओढल्या. सरुबाईला तो आपल्या भावाचा अपमान वाटला. लाल झाली, उठली, घरी जाऊन देव्हाऱ्यातला भंडारा घेऊन आली. "त्यांच्यासाठी मी उचलते," म्हणाली. "काम झालं की जिची तिला जागा मिळंल. पैला ओटा आमच्या रंगूचा. न्हाय मिळाली तर मल्हारी मला बघून घील."

मोहनराव शेजारीच उभे होते. एका शब्दानं त्यांनी तिला अडवलं नाही. सगळ्यांत आधी रंगूबाई कुबडीवर उठली. जावेनं भंडारा उचलल्यावर ती कशाला बसून राहील? मग एकेक करत आम्ही सगळ्याच उठलो.

काम झालं आणि नेटकं झालं. नव्या पायवाटेवरून शाळेची पोरं, काठी टेकत म्हातारे, लेकुरवाळ्या बायका बिनघोर चालू लागल्या. मोटार आली तरी कोणी दचकेना. रंगूबाई एकदा मुद्दाम टोकापासून टोकापर्यंत चालली आणि परत येऊन म्हणाली, "सरुआक्का, घरात चालल्यागत वाटलं."

ओटे मात्र मिळेनात. आज चुना वाळतोय, उद्या मोजणी व्हायचीय, असं चाललं होतं. तेवढ्यात गुऱ्हाळं सुरू झाली आणि एका सकाळी ओट्यांवर पत्रे चढलेले दिसले. खाली गुळाच्या अडती. देवळाजवळच्या पहिल्या ओट्यावर पांढरी गादी, तक्के, आणि गादीवर खुद्द मोहनराव. ढेपा ओट्यात मावेनात म्हणून पायवाटेवर रचल्या. माणसं पुन्हा गाड्यांमधून वाट काढू लागली. आम्ही कडेला बसायला गेलो तर शिपायानं हुसकलं. रिवाज होताच. उठलो होतो ना आम्ही, जागा गेली!

सरुबाई गादीसमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागेच होते.

"दादा, माझ्या रंगूची जागा हाय ही."

मोहनरावांनी पानाला चुना लावत वरही बघितलं नाही. "कमिटीनं ठरिवलं, आक्का. माझ्या हातात काय न्हाय."

"मी तुमच्यासाठी भंडारा उचलला."

"मग? मी सांगितलं हुतं का उचलाय?" ते शांतपणे म्हणाले. "मी शब्द दिला न्हाय म्हणूनच तर उचलला न्हाय. तू उचललास, तूच निस्तर."

इतकी वर्षं ओवाळलेला माणूस! मला वाटलं, सरुबाई आता त्या गादीवर थुंकेल. पण ती वळली आणि भर बाजारात पायवाट सोडून गाड्यांच्या मधून चालत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती एकेका बाईच्या दारात गेली. पदर पसरून म्हणायची, "माझा शब्द खोटा पडला. मला मोकळं करा." माझी सासू रडली आणि म्हणाली, "मोकळी हाईस गं बाई." द्वारकाबाईंनी शिव्या दिल्या, मोहनरावांना, आणि मग त्यांनीही मोकळं केलं. सगळ्यांनी केलं.

रंगूबाई घरातच होती, एकाच चुलीवरची. सरुबाईनं तिच्यापुढे सगळ्यांत शेवटी पदर पसरला. रंगूबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"मोटरवाला परका हुता, आक्का," ती म्हणाली. "त्याला मी कवाच मोकळं सोडलं. तुला कसं सोडू?"