अकरावीची मंजुरी

आमच्या हायस्कूलची तपासणी होणार असं कळलं, त्या दिवसापासून शाळेत शिकवणं बंद झालं. मी तेव्हा दहावीत होते. इन्स्पेक्टर साहेब येणार, शाळा चांगली की वाईट ते ठरवणार, आणि चांगली ठरली तर पुढच्या वर्षी गावात अकरावीचा, म्हणजे मॅट्रिकचा वर्ग उघडणार. पोरांना त्याचं फारसं काही नव्हतं. गावात अकरावी नाही मिळाली तर ते वर्ध्याला नाहीतर पुलगावला जाणार होते, कुणी मामाकडे, कुणी आत्याकडे. वर्गात मुलगी मी एकटीच. बाबांनी मला दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, "गावात अकरावी उघडली त शिकजो, बाई. नाई उघडली त वर्ध्याले मी तुले ठेवणार नाई. पाहुणे पाहीन." पाहुणे म्हणजे लग्न, आणि बाबांचा शब्द काळ्या दगडावरची रेघ. तेव्हा ती तपासणी शाळेची असेल तेवढीच माझीही होती.

हेडमास्तर नागपूरकडचे. काळा कोट घालायचे आणि रागावले, गांगरले किंवा खूश झाले की हिंदीत शिरायचे. त्यांनी पहिल्यांदा व्हरांड्यातला कापूस हलवला. गावात पक्की इमारत शाळेचीच, म्हणून वेचणी सुरू झाली की शाळेच्या कमिटीतली मोठी माणसं आपला कापूस तिथं आणून टाकायची आणि आम्ही त्या ढिगाला वळसा घालून वर्गात शिरायचो. दोन वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. तपासणीचं पत्र आलं आणि तो कापूस एका दिवसात उचलला गेला. मग चुना मारला. चुना वाळायच्या आत त्यावर सुविचार लिहिले, त्यामुळे अक्षरांचे ओघळ भिंतीवरून खाली आले, ते पुसून पुन्हा चुना मारला.

मग धडा बसवायला घेतला. नाटक बसवतात तसाच. भूगोलातला काळ्या मातीचा धडा निवडला होता. काळी माती कुठे आढळते, तिचा रंग कसा असतो, तिच्यात कोणतं पीक येतं. पंधरा दिवस! अंगठ्याच्या नखात ती माती घेऊन शाळेत येणारी आम्ही पोरं, आणि आम्हाला विचारायचे, "मातीचा रंग कोणता?" ज्याला नेमून दिलं होतं त्यानं उठून "काळा" म्हणायचं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर छडी. एकदा एकजण म्हणाला, "सर, माह्या वावरातली त तांबूस हाये." त्याला बाहेर उभं केलं. मला तेव्हाच इतका वैताग आला होता की दप्तर आपटून घरी निघून जावं. पण बाबांचं बोलणं आठवायचं आणि मी गप्प बसायची.

खरं सांगायचं तर त्या शाळेत तपासण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे गणिताचे गुरुजी. धोतर गुडघ्याला ठिगळ लावलेलं, बोलणं आमच्यासारखंच अस्सल वऱ्हाडी. ते भूमिती वर्गात शिकवायचेच नाहीत. आम्हाला मागच्या पटांगणात न्यायचे, खुंटी ठोकायचे, तिला दोरी बांधायचे आणि म्हणायचे, "खळ्यात मेढीभवती बैल फिरते का नाई? दोरी तेवढीच राह्यते. झालं तुमचं वर्तुळ." त्यांच्याकडे शिकलेलं मी आजवर विसरले नाही. हेडमास्तरांना मात्र वाटलं की हा माणूस साहेबांपुढे दाखवण्यासारखा नाही. म्हणून त्यांच्यावर साहेबांच्या जेवणाची व्यवस्था सोपवली. शाळेची गुणवत्ता तपासायला माणूस येणार, आणि ज्याच्यापाशी ती होती त्याला भजी तळायला बसवलं!

आणि मग सूत. वर्धा जिल्ह्यात त्या काळी शाळा म्हटली की सूतकताई आलीच. आमच्याकडे शनिवारी तासभर तकली चालायची, म्हणजे पोरं ती भोवऱ्यासारखी फिरवून पैजा लावायची. कुणाला नीट शिकवलंच नव्हतं. माझं सूत कुठं शेवईएवढं जाड, कुठं केसाएवढं बारीक, आणि हात लावला की तुटायचं. वर्षभराच्या सुताच्या गुंड्या ठेवलेली पेटी हेडमास्तरांनी उघडली आणि डोक्याला हात लावला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण त्यांना वाटलं, येईल. शेजारच्या गावात एक म्हातारी होती, जन्मभर सूत कातलेली. तिच्याकडून चांगल्या गुंड्या आणवल्या आणि एकेका गुंडीला आमच्या नावाची चिठ्ठी बांधली. दाराशी कापसाचे ढीग पडलेल्या गावानं सूत बाहेरून आणलं, आणि यात काही चुकतंय असं एकाही मोठ्या माणसाला वाटलं नाही.

साहेब पुलगाव स्टेशनवर उतरून बैलगाडीनं आले. उंच, वाळके, अंगात जाड खादी. काळ्या मातीचा धडा त्यांनी अर्धे डोळे मिटून ऐकला. सगळ्यांनी आपापलं उत्तर आपापल्या जागी बरोबर दिलं आणि हेडमास्तरांचा चेहरा उजळला. साहेबांनी कपाटातली पुस्तकं मोजली, खिडक्या मोजल्या, पाण्याच्या माठात वाकून पाहिलं, शाळेला एक चक्कर मारून आले. शिकवणं सोडून सगळं तपासताहेत, असं माझ्या मनात आलं. मग सुताची पेटी पुढे आली.

त्यांनी एक गुंडी उचलली, चिमटीत धागा ताणला. दुसरी उचलली. तिसरी. मग खाली ठेवून म्हणाले, "हेडमास्तर, हे सगळं एकाच हातचं सूत आहे."

"जी, सबको एकही शिक्षक ने सिखाया है," हेडमास्तर म्हणाले.

साहेब हसले नाहीत. ते स्वतः रोज कातत होते आणि अंगातली खादीही त्यांच्याच सुताची होती, हे आम्हाला नंतर कळलं. सूत दाखवून फसवायला नेमका हाच माणूस आमच्या लोकांना सापडला होता! त्यांनी वरच्या गुंडीची चिठ्ठी वाचली. नाव माझं होतं. मी उभी राहिले. त्यांनी माझ्या हातात तकली आणि कापसाचा पेळू दिला आणि म्हणाले, "कात पाहू, बाळ."

एकदा तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा तकलीच हातातून निसटली आणि घरंगळत साहेबांच्या पायाशी गेली. मागची पोरं फिदीफिदी हसायला लागली. हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले, "पोर घाबरली आहे, साहेब."

मी घाबरले नव्हते. मी चिडले होते. पंधरा दिवसांचा सगळा राग एकदम वर आला आणि मी बोलून गेले, "भेली नाई मी. ते सूत माहं नाईच. यातलं कोनाचंच नाई. आमाले कोनी शिकोलंच नाई त जमन कसं? मले गनित इचारा."

हेडमास्तरांचा चेहरा नुकत्या मारलेल्या चुन्यासारखा झाला. आपण काय केलं ते मला तेव्हा उमगलं. गेली अकरावी, मनात म्हटलं. आपल्याच तोंडानं घालवली.

साहेबांनी विचारलं, "गणित कोण शिकवतं?" पोरांनी स्वयंपाक चालला होता त्या खोलीकडे बोट दाखवलं. गुरुजींना बोलावलं. ते आले ते हाताला बेसन लागलेलेच, दारात उभे राहिले. साहेबांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि वर्तुळाचा सिद्धांत मांडायला सांगितला, केंद्राशी होणारा कोन परिघावरच्या कोनाच्या दुप्पट असतो तो. मी मांडला. "आणि केंद्र त्या कोनाच्या बाहेर पडलं तर?" ते पुस्तकात नव्हतं, पटांगणात होतं. मी दुसरी आकृती काढली, बेरजेच्या जागी वजाबाकी केली आणि सिद्ध करून दाखवलं. साहेबांनी गुरुजींकडे पाहून हात जोडले. गुरुजींनाही जोडायचे होते, पण बेसनामुळे ते नुसतेच अवघडून उभे राहिले.

साहेब गेल्यावर हेडमास्तर माझ्यावर ओरडले, "तूने डुबा दिया पूरे स्कूल को!" गावातही तेच झालं. विहिरीवर बाया ऐकवायच्या, "हेच ते पोट्टी, जिनं शाळा बुडवली." म्हातारीचं सूत आणणारा कुणी दोषी नव्हता. दोषी मी. बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "एवढं बोलाचं काय काम होतं, बाई?" आईनं ताटात भाकर वाढली.

महिन्याभरानं शेरा आला. हेडमास्तरांनी सगळी शाळा पटांगणात बसवून तो वाचला. सुताच्या बाबतीत शाळेनं फसवणूक केली, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. भूगोलाचा धडा पाठ करून घेतलेला दिसला. मात्र गणिताचं अध्यापन असाधारण आहे, दहावीतल्या एका विद्यार्थिनीनं प्रमेय निर्दोष सिद्ध केलं, आणि केवळ त्या आधारावर अकरावीचा वर्ग उघडण्यास मंजुरी देण्यात येत आहे. पोरांनी टोप्या उडवल्या. मी रडायलाच लागले. आनंदानं रडण्याची ती माझी पहिली वेळ.

हेडमास्तर पुढे वाचत होते. शाळेत मुलींसाठी स्वतंत्र आडोसा नाही, शिक्षिका नाही. ती व्यवस्था होईपर्यंत अकरावीत मुलींना प्रवेश देऊ नये.

मुलींना म्हणजे मला. दुसरी होतीच कोण?

मी हेडमास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. ते खुशीत होते. म्हणाले, "अरे, तुम्हारा तो नाम हो गया! बाई कुठून आणायची इतक्यात? पाहू पुढच्या वर्षी." कापूस एका दिवसात हलवणारी कमिटी, चुना दोनदा मारणारी कमिटी, तिला आडोशाला बांबूचे चार तट्टे उभे करायला वर्ष हवं होतं. गुरुजी एकटे आमच्या घरी आले. बाबांना म्हणाले, "तट्टे मी बांधतो, पाटील. मास्तरीनबाईसाठी वर्ध्याले खेटे घालतो. पोरीले एक साल थांबू द्या." बाबांनी त्यांना मानानं चहा पाजला आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगी सालभर घरी बसोली त लोक इचारते, काऊन बसोली?"

बाबा वाईट नव्हते. शेऱ्याचा त्यांना खरंच अभिमान वाटला होता. त्यांनी हेडमास्तरांकडून त्यातल्या माझ्यापुरत्या वाक्याची नक्कल करून घेतली, वळणदार अक्षरात, खाली शाळेचा शिक्का. मला वाटलं, आता काहीतरी होईल. वर्ध्याच्या एखाद्या शाळेला दाखवायला घेतली असेल.

माघात पाहुणे आले, तेव्हा ती नक्कल बाबांनी खिशातून काढली आणि मुलाच्या काकांच्या हातात दिली. काकांनी ती दोनदा वाचली, बाकीच्यांना वाचून दाखवली, आणि नीट घडी घालून म्हणाले, "सायबानं सोता लिहून देल्लं, पोरगी हुशार हाये म्हून. झालं मंग. आता अखीन शाळेत जाऊन काय करते?"

सगळे हसले. बाबाही हसले, मोकळेपणानं, काम झाल्यासारखे. पाहुणे उठल्यावर बाबांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पेटीत ठेवजो. सासरी कामा येईन."

मी चुलीपाशी गेले. कागद जाळायचाच, असं ठरवून गेले होते. घडी उलगडली, वाक्य वाचलं. ते खरं होतं. त्या सगळ्या तपासणीत माझ्याविषयी कुणी खरं लिहिलेलं तेवढं एकच वाक्य होतं, आणि ते मला जाळवलं नाही.