निळा अंगठा

बापाचा हात मीच धरला होता. मनगटाशी, घट्ट.

सरकारी दवाखान्यातली खाट. बाप बेशुद्ध. मोडलेल्या पायाला फळ्या बांधलेल्या, उजव्या हाताला सलाईन. साइटवरच्या मेस्त्रीने शाईचा पॅड उघडला आणि बापाचा डावा अंगठा त्यात दाबला.

"पकड के रख ना मा, हिल रा उनका हात."

मी धरला. धरता धरता विचारलं, कागद कसला.

"दवाखाने का है. तू पढके क्या करती?" कंत्राटदार दारातूनच बोलला. नाकावर रुमाल. मग हसत म्हणाला, "तू भी अंगूठाच मारती क्या?"

मेस्त्री खिदळला. मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे कंत्राटदाराच्या तोंडावर सांगायला हवं होतं. मी काय म्हणाले? "थँक यू सर." का, तर त्याच्या माणसांनी बापाला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं होतं.

कागद तेलुगूत होता. अक्षर लावत लावत मला तेलुगू वाचता येतं. मी वाचला नाही. मोठ्या माणसाला ताटकळत ठेवून कागद वाचायचा, हे उद्धटपणाचं वाटलं. पंधरा वर्षं शिकले आणि नेमक्या वेळी ती पंधरा वर्षं गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप शुद्धीवर आला. पायाकडे त्याने बघितलं नाही. अंगठा डोळ्यांसमोर धरला.

"माय, हे निळं काय?"

"त्यांनी अंगठा घेतला, बाबा."

"मह्या? म्या तर सही करतो."

बाप नांदेडकडचा, कामासाठी इकडे तेलुगू मुलखात आलेला. शाळा पाहिलेली नाही. मी चौथीत असताना त्याला सही शिकवली. नामपल्लीच्या आमच्या खोलीत, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर, खडूने. महिना लागला. तेव्हापासून साइटच्या हजेरीवहीत वर अंगठे, खाली अंगठे आणि मधे त्याची सही. मराठीत, वाकडी, पूर्ण नावाची. मागची रांग खोळंबायची. मेस्त्री ओरडायचा, "कलेक्टर साब, जल्दी करो!" साइटवर त्याचं नावच कलेक्टर पडलं.

आणि मी कॉलेजच्या फॉर्मवर काय लिहायचे? वडिलांचा व्यवसाय: खाजगी नोकरी.

मी कामगार खात्याच्या ऑफिसात भरपाईचा दावा लावला. तिथे तो कागद पुढे आला. त्यात बापाच्या तोंडी लिहिलं होतं, की त्या दिवशी मी कामावर नव्हतो. दारू पिऊन आपणहून वर चढलो. कंत्राटदाराचा दोष नाही. खाली निळा अंगठा.

माझा बाप चहासुद्धा दुसऱ्यांदा घेत नाही. तो तिसऱ्या मजल्यावर परांचीवर उभा राहून गिलावा करत होता. फळी सरकली. कमरेला पट्टा नव्हता. पट्टे मेस्त्रीच्या खोलीत कुलपात. मोठ्या साहेबाची गाडी आली की वाटायचे, गाडी गेली की मोजून परत घ्यायचे. त्या दिवशी गाडी आली नव्हती.

बाप गैरहजर होता हे दाखवायला कंत्राटदाराने सुनावणीला स्वतःच हजेरीवही आणली. हजेरी संध्याकाळी सुट्टी होताना घ्यायचे, म्हणून त्या दिवसाचा रकाना कोरा होता. बापाच्या नावापुढे आधीच्या दिवसांत काय आहे, हे त्याने बघितलंच नव्हतं. आमच्यासारख्याचा अंगठाच असणार. बघायचं काय त्यात?

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. सही. आणखी एक उलटलं. सही. पाच महिने, रोज.

"रोज दस्तखत करने वाला आदमी इसी कागज पे अंगूठा कायकू लगाया?"

कंत्राटदार वकिलाकडे बघायला लागला. वकील वहीकडे.

मी उभी राहिले. "साब, बाबा बेहोश थे. वो हात मैं पकडी थी. लिख लो."

त्यांनी लिहून घेतलं. मी वाचलं आणि मग सही केली.

बाहेर व्हरांड्यात कंत्राटदार मागे आला. आता रुमाल नव्हता. "बहन, आपस में मिटा लेते. पिताजी से इसपे दस्तखत करा दो."

मी बाकड्यावर बसले आणि त्याचा कागद वाचला. अक्षर लावत, बोट ठेवून, सगळा. तो उभा. त्याने दोनदा घड्याळ पाहिलं. मी पान उलटून मागची बाजूही बघितली. कागदात होतं, 'माणुसकीच्या नात्याने मदत'.

माणुसकी नको. मी कागद परत दिला.

निकाल अजून लागलेला नाही. बाप कुबडीवर चालतो. शेजारपाजारचे म्हणतात, मिळतंय ते घे, किती दिवस खेटे घालशील? मी प्रत्येक तारखेला जाते. फॉर्मवर आता लिहिते: वडील, बांधकाम मजूर.

मला कागदावर तीन वाक्यं हवी आहेत. हा माणूस कामावर होता. त्याला पट्टा दिला नव्हता. जबाबदार मी.

त्याखाली कंत्राटदाराने सही करायची, पूर्ण नावाची. ती मी वाचेन. मगच बाप पेन हातात घेईल.