आमोस मास्तर आणि गणपतीचे नारळ

आजकाल शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात. मुलं भिजून येतात, आईबाप फोटो बघतात आणि त्याला 'शैक्षणिक' म्हणतात. हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं फिरतं. सहल कशाला म्हणतात ते मला विचारा. मी आमोस मास्तरांच्या हाताखाली शिकलेली आहे.

देवळाली प्रवराजवळच्या आमच्या वाडीत मिशनची सातवीपर्यंतची शाळा होती. वाडी शेतकऱ्यांची, ख्रिस्ती घरं मोजकीच. पण शाळा तेवढी एकच, म्हणून सगळ्यांची पोरं तिथंच. सकाळी प्रार्थना झाली की आम्ही सगळेच ठणकावून 'आमेन' म्हणायचो आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर जाऊन पाया पडायचो. कुणाचंच काही अडत नव्हतं.

आमोस मास्तर उंच, हडकुळे, आणि गळ्यात कायम दोरीला बांधलेली शिट्टी. ती ते झोपतानाही काढत नसावेत, अशी आमची खात्री होती. त्यांचं म्हणणं एकच, पुस्तकात वाचलं ते डोळ्यांनी बघायचं. लोखंडाचा धडा आला की लोहाराकडं, टपालाचा आला की पोस्टात. साखर कारखान्यात नेलं, तर येताना सगळ्यांचे खिसे जड होते, आणि पुढं कितीतरी दिवस वर्गात आमच्यापेक्षा मुंग्या जास्त होत्या. गुरांच्या दवाखान्यात नेलं, तर नेमका गोऱ्हे खच्ची करायचा दिवस निघाला. मास्तरांनी शिट्टी वाजवून आम्हाला पाठ फिरवायला लावली, पण तोवर बघायचं ते बघून झालं होतं. त्या संध्याकाळी घराघरांतून पोरींनी भाकरी खाताखाता त्याचं साग्रसंगीत वर्णन केलं. दुसऱ्या दिवशी वाडीतले मोठे बागायतदार आबासाहेब शाळेत येऊन उभे राहिले. "मास्तर, ह्ये बी पुस्तकात हाय का?" असं त्यांनी विचारलं.

बहात्तर सालच्या सुरुवातीची गोष्ट. मी सातवीत होते. सातवीनंतर मुलगे सायकलवर राहुरीला जात आणि मुली चुलीपुढं बसत. मला चुलीपुढं बसायचं नव्हतं. मला शिकायचं होतं. मास्तरांच्या डोक्यात नगरचं मिशनचं मुलींचं हायस्कूल होतं, बोर्डिंगसकट. ते आमच्या घरी येऊन सांगून गेले. माझे वडील रंगनाथ भांडण टाळणारे. त्यांनी सरळ आईकडं बोट दाखवलं. आई म्हणजे गोजरबाई. तिच्यापुढं आबासाहेबही आवाज खाली घ्यायचे.

"न्हाई म्हंजे न्हाई," आई म्हणाली. "बोर्डिंगात पोरी बाटवत्यात."

"कोण म्हणतं?" मास्तरांनी विचारलं.

"समदेच म्हनत्यात."

"तुम्ही पाहिलंय?"

"न्हाई."

संपलं! मास्तरांचे डोळे चमकले. डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट म्हणजे सहल आलीच. त्यांनी जाहीर केलं, सातवीच्या मुलींची सहल नगरला, आणि या वेळी आयांनीही यायचं.

आया तयार झाल्या, पण त्यांची एक अट होती. नगरला जायचं आणि माळीवाड्याच्या गणपतीला न जाता परत यायचं, हे त्यांच्या हिशेबात बसेना. मास्तरांनी खूप विचार करून कबूल केलं. आधी हायस्कूल, मग गणपती, आणि आपण स्वतः देवळाबाहेर थांबणार. आपण मोठी तडजोड केली असं त्यांना वाटलं. बिचारे! आमच्याकडं कुणी देवाला निघालं की एकटं जात नाही, अख्ख्या गावाचे नारळ त्याच्याबरोबर जातात. ज्याला जायला जमत नाही तो आपला नारळ जाणाऱ्याच्या हाती देतो आणि जाणाऱ्यानं तो मुकाट्यानं न्यायचा असतो. मास्तर वाडीत जन्म काढून हे विसरले.

सकाळी एस.टी.च्या थांब्यावर आले तर तिथं नारळांचं भलं थोरलं पोतं. त्यात सगळ्यांत मोठा नारळ आबासाहेबांचा.

"हे कोण उचलणार?" मास्तरांनी विचारलं.

"तुमीच की," आईची मैत्रीण कडूबाई म्हणाली. "आमच्यात तुमीच एक गडीमानूस."

गणपतीचे नारळ खांद्यावर घेऊन आमोस मास्तर एस.टी.त चढले. ते चर्चमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत देवळात, पहिल्या बाकावर बसणारे, रविवारी उपदेश चुकवला तर घरच्यांना जेवू न देणारे. कंडक्टरनं "मास्तर, शाळा सोडली का काय?" असं विचारलं.

आता खरी गंमत ऐका. नगरच्या बोर्डिंगात दुसऱ्या दिवशी कापणीचा सण होता. या सणाला मंडळीतली, म्हणजे त्या चर्चची, माणसं शेतातलं पहिलं पीक देवाच्या घरी आणतात. कुणी ज्वारीची कणसं, कुणी कांदे, कुणी कोंबडा. त्यावर प्रार्थना होते आणि मग त्याचा लिलाव. बोर्डिंगच्या मुख्य मरियाबाई फाटकातच उभ्या होत्या. गोल चेहऱ्याच्या, पांढरं पातळ नेसलेल्या. समोरून घामाघूम झालेले मास्तर पोतं घेऊन येताना दिसले आणि त्यांना भरून आलं.

"सलाम, मास्तर! एवढ्या लांबून! किती मोठं मन तुमच्या गावाचं!"

मास्तरांचा श्वास इतका लागला होता की त्यांनी नुसता हात हलवला. तो नाही म्हणून हलवला होता, पण मरियाबाईंनी तो नम्रपणा समजला आणि मुलींना हाक मारून पोतं आत पाठवलं. मास्तरांना वाटलं, सावलीत ठेवायला नेलं. ओझं उतरलं याच आनंदात ते आम्हाला प्रयोगशाळा दाखवायला निघाले.

प्रयोगशाळा, वर्ग, झोपायच्या खोल्या, सगळं बघितलं. मी भिंतीवरचा नकाशा बघितला आणि तिथून हलेनाच. आई स्वयंपाकघरात शिरली ती लवकर बाहेर येईना. तिनं आमटी चाखली, पीठ चिमटीत घेऊन बघितलं, पाण्याचा रांजण वाकून बघितला. बरं की वाईट, काही बोलली नाही. तिच्या तोंडावरून अंदाज काढायचा माझा जन्माचा प्रयत्न त्या दिवशीही फसला.

गणपतीला निघायची वेळ झाली आणि कडूबाईनं विचारलं, "पोतं कुठं हाय?"

पोतं देवळात होतं, त्यांच्या देवळात. रिकामं. नारळ वेदीपुढं ओळीनं मांडलेले, एका बाजूला कणसं, दुसऱ्या बाजूला पाय बांधलेला कोंबडा. आबासाहेबांचा नारळ मधोमध.

"बाटलं!" कडूबाई छाती पिटत ओरडली. "नारळ बाटलं वो!"

मला रडूच कोसळलं. नारळांसाठी नाही. माझं बोर्डिंग त्या कोंबड्याशेजारी पाय बांधून पडलेलं मला दिसत होतं. मास्तर पांढरेफटक पडले. पण शिकवायची सवय जाते कुठं? ते म्हणाले, "हे पाहा, नारळ नुसते ठेवलेत. ठेवल्यानं काही होत नाही. प्रार्थना उद्या."

"नाही मास्तर," मरियाबाई म्हणाल्या. त्या आयुष्यात खोटं बोलल्या नसाव्यात, आणि बोलायचं असेल तर तेव्हाच बोलायला हवं होतं. "मी मुलींना घेऊन आत्ताच प्रार्थना केली. एकेका नारळासाठी देवाचे उपकार मानले."



आई पुढं झाली. "परार्थनेत काय म्हनला तुमी?"

मरियाबाई गोंधळल्या. मग डोळे मिटून त्यांनी पुन्हा सांगितलं, जसंच्या तसं. "प्रभू, ज्या गावानं हे नारळ पाठवले त्या गावावर पाऊस पाड. त्यांच्या विहिरींना पाणी दे. त्यांच्या लेकराबाळांचं भलं कर."

आदल्या वर्षी पाऊस कमीच झाला होता. त्यातल्या निम्म्या नारळांना तेच मागणं लावून दिलेलं होतं.

"आमी तरी दुसरं काय मागनार हुतो?" आई म्हणाली. तिनं एक नारळ उचलला, कानाशी हलवला, शेंडी ओढून बघितली. "पानी हाय. शेंडी हाय. कडू, भर पोतं. गनपतीला बी सांगू. दोन्हीकडं सांगितल्यालं बरं."

कडूबाई म्हणाली, "पर एका देवाम्होरं ठिवल्यालं दुसऱ्याला कसं चालंल?"

"त्येंचं त्ये बघतील," आई म्हणाली.

मरियाबाईंनी स्वतः पोतं भरायला हात लावला. मास्तरांनी ते पुन्हा खांद्यावर घेतलं. गणपतीच्या देवळाबाहेर ते आमच्या चपला राखत उभे असताना त्यांच्या मंडळीतले एक बुजुर्ग नेमके समोरून आले. "मास्तर, तुम्ही इथं?" मास्तर म्हणाले, "सहल आहे." आणि चपला नीट ओळीनं लावू लागले.

नारळ फोडून आम्ही परत आलो, आणि त्या वर्षी पाऊस पडला नाही. दोघांपैकी एकानंही ऐकलं नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. मृग कोरडा गेला तसे आबासाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"रंगनाथ, ही त्या नारळांची करनी. एक नारळ दोन देवांला दावला, मंग पाऊस कसा येनार? आता पोरगी बी तिकडं धाडू नगंस."

वडील मान खाली घालून बसले. आईनं सहलीनंतर या विषयावर एक शब्द काढलेला नव्हता, आणि मला विचारायची छाती नव्हती. मी दाराआड उभी होते. आता वडील 'बरं' म्हणणार, हे मला कळत होतं.

आई आतून तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली. "आबासायेब, पाऊस अख्ख्या मुलखात न्हाई. अख्ख्या मुलखाचं नारळ आमच्या मास्तरनं नेल्तं व्हय?"

आबासाहेब चहा न घेता गेले. आईनं त्याच दुपारी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून पुसली. मी तिच्या गळ्यात पडायला गेले तर म्हणाली, "सरक, पीठ लागंल."

नगरला ती मला स्वतः सोडायला आली, मास्तरांना बरोबर घेऊन. रस्ताभर माझ्याशी बोलली नाही. मी समजले, रागावलीय. बोर्डिंगच्या फाटकात मरियाबाई तिला म्हणाल्या, "काळजी करू नका, बाई."

"काळजी मी करनारच," आई म्हणाली. "त्ये माजं काम हाय. तुमी तुमचं करा." मग माझ्याकडं न बघता, आवाज खाली घेऊन तिनं त्यांना सांगितलं, "हिला अंधाराचं लई भ्या वाटतं. ती बोलनार न्हाई. रातच्याला कंदील इझवू नका, बारीक ठिवा."

मला अंधाराची भीती वाटते हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही.